दोन दारांची न्हाणी

“काका, तुम्हाला बाटल्या ओळखता येतील ना?”

फोन उचलल्या उचलल्या हाच प्रश्न. दोतोरांची, म्हणजे आमच्या गावच्या जुन्या डॉक्टरांची, नात बोलत होती, पुण्याहून आलेली. घराचा इन्वेंतार, म्हणजे वारसांसाठी मालमत्तेची कोर्टातली मोजदाद, सुरू झालाय, वकिलाने जंगम वस्तूंची यादी मागितलीय. आतल्या घरातलं सगळं तिने आणि तिच्या आतेभावाने मिळून उरकलं. पण दवाखान्याच्या खोलीत पाऊल टाकलं आणि डोकं चालेनासं झालं. कपाटभर बाटल्या, चिनी मातीच्या बरण्या, चिमटे, नळ्या, कसली कसली मापं. “वकील म्हणतात, ‘जुनी औषधे, किरकोळ’ असं एका ओळीत लिहून टाका. मला तसं लिहवेना.”

मी डिचोलीत औषधांचं दुकान चालवतो. माझ्याआधी वडील चालवायचे. त्यांच्याआधी आजोबा दोतोरांकडे कंपाउंडर होते, १९३९ ते १९७६, सदतीस वर्षं. तेव्हा बाटल्या मला ओळखता येतील हा तिचा अंदाज बरोबर होता. नसत्या येत तरी मी गेलो असतोच. त्या घराची एक बाजू मला तळहातासारखी पाठ होती आणि दुसरी बाजू अठ्ठावन्न वर्षांत एकदाही पाहिली नव्हती.

बाजारातून नदीकडे उतरताना डाव्या हाताला ते घर लागतं. डिचोलीत कुणालाही “दोतोराचें घर” म्हणून विचारा, हात तिकडेच जाईल. दोतोर वारून पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली. त्यांच्यामागून गावात कितीतरी डॉक्टर झाले, त्यांनी बंगले बांधले, पण ते बंगले त्यांच्या त्यांच्या नावाने ओळखले जातात. ‘दोतोर’ एवढंच म्हटलं की पुढे नाव लागत नाही, असे ते एकटेच. मीही इथे नाव लिहीत नाही.

दारावर चुन्यात उठवलेलं साल आहे, १९२६. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, हातभर जाड. पुढे चार गोल खांबांची वसरी, दोन्ही बाजूंना बसायचे सोपे, वर मंगळुरी कौलं. खिडक्यांना काचा नाहीत, शिंपल्यांची झडपं आहेत. चपट्या शिंपल्यांचे तळहाताहून लहान चौकोन कापून लाकडी पट्ट्यांत सरकवलेले. ऊन त्यातून आत येतं ते ताक गाळून घेतल्यासारखं. पूर्वी पावसाळा तोंडावर आला की पश्चिमेच्या भिंतीला चुडतांची झापं बांधायचे, म्हणजे चिरा पाणी पीत नसे. आता तिथे निळं प्लास्टिक लटकतंय, तेही फाटकं.

घर विकायला निघणार असा वास आला की आमच्याकडे दलाल माश्यांसारखे जमतात. एकाने म्हणे मोबाइलवर फोटो टाकून खाली लिहिलं, ‘हेरिटेज पोर्तुगीज हाउस’. हे वाचलं की माझं डोकं फिरतं. या घरात पोर्तुगीज राहिला नाही, पोर्तुगिजाने बांधलं नाही. बांधणारा मेस्त, म्हणजे मिस्त्री, डिचोलीचा, चिरा जवळच्याच खाणीतला, चुना शिंपले जाळून केलेला, मधोमध राजांगण, राजांगणात तुळस. पण गोव्यातलं जुनं ते सगळं पोर्तुगीज, असा दिल्ली-मुंबईच्या गिऱ्हाइकांचा समज आहे आणि दलालांना तो मोडायचा नाही. चांदोरचं मिनेझिस ब्रागांझांचं घर लोक पैसे देऊन पाहायला जातात. जावं, पाहण्यासारखंच आहे. पण तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांच्या घरांकडे कुणी वळून बघत नाही. वास्तविक आमचा निम्मा इतिहास त्या घरांच्या वसरीवर घडला. १९४६ च्या जूनमध्ये राममनोहर लोहिया गोव्यात आले ते लढा उभारायला नव्हे, विश्रांती घ्यायला. उतरले असोळण्याला, बर्लिनपासूनचे मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या घरी. तिथे भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली, आणि १८ जूनला मडगावची सभा झाली. म्हापशाचे सर्जन डॉ. पुंडलिक गायतोंडे १९५४ च्या फेब्रुवारीत एका समारंभात, गोवा म्हणजे पोर्तुगालच असं कुणी बोलल्यावर, ‘मी निषेध करतो’ एवढंच म्हणाले आणि तेवढ्यावर पकडून पोर्तुगालला नेले गेले. लोक डॉक्टरांकडे येणार, वसरीवर बसणार, बोलणार. पोलिसांनी तरी किती जणांना ‘तुला खरंच ताप आहे का’ म्हणून विचारायचं?

आमचे दोतोर त्यातले नव्हेत. ते कुठल्याच बाजूचे नव्हते, किंवा दोन्ही बाजूंचे होते. पकडायला येणाऱ्या पोलिसाचा खोकला आणि पकडल्या गेलेल्याचं मोडलेलं बोट, दोन्ही त्यांनीच पाहिलं.

त्यांच्या वडिलांचा सुपारीचा धंदा. १९१० साली पोर्तुगालमध्ये राजा गेला, प्रजासत्ताक आलं, आणि गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने बरोबरीचे हक्क मिळाले. त्याआधी सरकारी नोकरीची बहुतेक दारं बंदच. त्या हवेत ज्या घरांनी मुलांना पोर्तुगीज शिकायला घातलं, त्यातलं हे एक. मुलगा पणजीला एश्कोला मेदिकात गेला. १८४२ साली सुरू झालेली ही शाळा. पाश्चात्त्य वैद्यक शिकवणाऱ्या आशियातल्या सर्वांत जुन्या संस्थांत तिचं नाव घेतात. मजा अशी की इथली पदवी खुद्द पोर्तुगालमध्ये पुरती मानली जात नसे. तिथे प्रॅक्टिस करायची तर पुन्हा परीक्षेला बसा. मोझांबिक, अंगोलाला जायचं तर मात्र चालेल. कितीतरी गोंयकार डॉक्टर असे आफ्रिकेत गेले. मुक्तीनंतर १९६३ मध्ये त्या शाळेचं गोवा मेडिकल कॉलेज झालं, मग ते बांबोळीला गेलं, आणि पणजीतल्या जुन्या इमारतीत आता नोव्हेंबरात इफ्फीची, म्हणजे चित्रपट महोत्सवाची, लगबग असते. मुलगी एकदा मला तिथे सिनेमाला घेऊन गेली. सगळे पडद्याची वाट बघत होते, मी भिंतींकडे बघत बसलो.

दोतोर आफ्रिकेला गेले नाहीत. वडिलांनी सांगितलं, तुला घर बांधून देतो, इथेच राहा.

घर बांधताना खरा प्रश्न आला तो आईचा. हे मला आजोबांनी सांगितलं, त्यांना दोतोरांनीच कधीतरी सांगितलेलं. मुलगा वैद्यक शिकणार म्हणजे प्रेतं फाडणार, कुणाच्याही अंगाला हात लावणार. आईने एकच अट घातली होती: बाहेर काय करायचं ते कर, पण ते घेऊन माझ्या देवाच्या घरात यायचं नाही. पणजीला असेपर्यंत ठीक होतं. आता दवाखाना घरातच येणार. वडील, मुलगा आणि मेस्त एकत्र बसले आणि त्यातून निघाली ती दोन दारांची न्हाणी.

घराला तीन तोंडं आहेत. मधलं मोठं दार वसरीवरून आत जातं; ते घरच्यांचं, पाहुण्यांचं, भटजींचं, तालुक्याच्या आदमिनिश्त्रादोराचं, म्हणजे सरकारी प्रशासकाचं. डावीकडे तीन पायऱ्या चढून वेगळं दार, तो दवाखाना. आणि दवाखान्याच्या पाठीमागे, परसाच्या बाजूला, कमरेइतक्या उंचीवर एक रुंद खिडकी, खाली चिऱ्याचा बाक. ज्यांनी त्या तीन पायऱ्या चढायच्या नाहीत असं गावाने ठरवून टाकलं होतं, ते त्या बाकावर बसायचे. दोतोर स्वतः खाली उतरून परसात जायचे, तिथेच त्यांची नाडी बघायचे, छातीला कान लावायचे. औषधाची बाटली आजोबा खिडकीच्या फळीवर ठेवायचे आणि ती तिथून उचलली जायची. आजोबा सांगायचे, दोतोरांनी हात लावला नाही असा माणूस त्या बाकावर कधी बसला नाही. हे खरं असणार. खिडकी होती हेही खरंच.

दवाखाना आणि आतलं घर यांच्यामध्ये ही न्हाणी. एक दार दवाखान्यात उघडतं, दुसरं राजांगणाच्या कडेच्या पडवीत. दोन्ही दारं एकाच वेळी कधी उघडायची नाहीत. कोपऱ्यात चुलीवर पाणी तापवायचं तांब्याचं भाण. दोतोर दुपारी एकला दवाखान्याच्या बाजूने आत जायचे, कोट-पँट खुंटीला लावायचे, अंघोळ करायचे आणि पलीकडून धोतर नेसून बाहेर पडायचे. खुंटीवरचे कपडे वेगळे उकळले जायचे. रात्री पुन्हा तेच. बाळंतपणाला रात्री-अपरात्री हाक आली तर पहाटे परत येऊनही तेच.

डॉक्टर म्हणून बघितलं तर यात नाव ठेवायला जागा नाही. इस्पितळात आज शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर जे करतात तेच हे. प्लेगचे दिवस लोक विसरले नव्हते. १८९६ ला मुंबईत पहिला प्लेग ओळखला तोही आमच्या हडफड्याचाच माणूस, डॉ. अकासियो व्हिएगस. जंतू घरात आणायचा नाही, हे मुलाचं शास्त्र. विटाळ घरात आणायचा नाही, हे आईचं. मेस्ताने दोघांसाठी एकच भिंत बांधली.

आजोबांना मी लहानपणी विचारलं होतं, मग ते जंतूसाठी होतं की विटाळासाठी? आजोबा खलात काहीतरी घोटत होते. म्हणाले, “तो जंतू म्हणटा, ती विटाळ म्हणटा. म्हाका कितें? म्हाका हात धुवपाचे.”

मी भाषेचं एक सांगायला हवं, कारण बाहेरच्या वाचकाला गोंधळायला होतं. आम्ही घरात बोलतो कोंकणी, लिहितो-वाचतो मराठी, आणि आमच्या आजोबांच्या पिढीची नाडी बघितली जायची पोर्तुगीजमध्ये. १९८७ च्या, कोंकणी की मराठी, या राजभाषेच्या भांडणात मी कुठल्या बाजूला होतो ते सोडून द्या, दुकान दोन्ही बाजूंच्या लोकांनी चालवलं. आजोबा मराठी चौथीपर्यंत शिकलेले, पण बरण्यांवरची पोर्तुगीज नावं घडघडा वाचायचे. खोकल्याच्या पातळ औषधाला ‘शारोप’ म्हणायचे. पुढे कुठेतरी वाचलं की शारोप आणि आपलं शरबत एकाच अरबी मुळातून आले. आजोबांना सांगायला हवं होतं, ते हसले असते. बाटलीवर चिकटवायच्या चिठ्ठ्या दोन रंगांच्या होत्या. पांढरी, ‘उझू इंतेर्नू’, पोटात घ्यायचं. लाल, ‘उझू इश्तेर्नू’, बाहेरून लावायचं. आजोबा सांगायचे, कंपाउंडरकी म्हणजे ही एवढीच अक्कल. यात चूक झाली तर माणूस मरतो, बाकी सगळ्या चुका दोतोर निस्तरतात.

त्यांचं टेबल परसाच्या खिडकीला लागून. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचो, पायरीवर चपला काढून. मिक्श्चर तयार झालं की बाटली फडक्याने पुसायची. मग कागदाची पट्टी घ्यायची, बाटलीच्या पोटाएवढ्या लांबीची. मध्यावर घडी, पुन्हा मध्यावर, पुन्हा मध्यावर. कात्रीने दोन्ही कडांचे कोपरे तिरके छाटायचे. पट्टी उलगडली की दोन्ही बाजूंना करवतीसारखे दाते: तीन घड्या म्हणजे आठ डोस. सहा डोस हवे असतील तर आधी तिहेरी घडी, मग दुहेरी. मैद्याची खळ बोटाने लावून पट्टी उभी चिकटवायची आणि अंगठा वरून खाली एकदा फिरवायचा, म्हणजे बुडबुडा राहत नाही. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळायचं, सकाळी एका दात्याएवढं प्यायचं, संध्याकाळी पुढच्या. हिंवाच्या दिवसांत क्विनीनच्या बाटल्या रांगेने उभ्या असायच्या. आज मी गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने एक-शून्य-एक लिहून देतो आणि माणसं दुसऱ्या दिवशी येऊन विचारतात, काका, कधी घ्यायची?

पैसे कसे मिळायचे ते वेगळं प्रकरण. नारळ, उकडे तांदूळ, मानकुरादचे आंबे, कधी जिवंत कोंबडा पाय बांधून. कोंबडा आतल्या घरात चालायचा नाही, तो आमच्या घरी यायचा. डिचोलीच्या एका कासाराने मुलगा वाचला म्हणून पितळेची समई आणून दिली होती. ती मात्र न्हाणीवाटे धुऊन आत गेली. खनिजाचा धंदा सुरू झाला तशी रोकड आली आणि धूळही आली. ट्रक वाढले, शिंपल्यांची झडपं लाल झाली, आणि खोकल्याची गिऱ्हाइकं बारा महिने.

चार वाजता आजोबांचा चहा यायचा. न्हाणीच्या दाराशेजारी, दवाखान्याच्या बाजूने, भिंतीत एक कोनाडा आहे, देवळी म्हणा. त्यात निळ्या काठाचा एनॅमलचा कप पालथा घातलेला. घरची मोलकरीण न्हाणीतून यायची, आजोबा कप सुलटा करायचे, ती वरून चहा ओतायची. पिऊन झाला की आजोबा तो विसळायचे आणि पुन्हा पालथा घालायचे. मी हे इतकं पाहिलंय की मला त्यात काही दिसतच नसे. दिसलं ते पुढे, पणजीला फार्मसी शिकायला गेलो तेव्हा. निर्जंतुक करणं म्हणजे काय यावर सर शिकवत होते आणि मला एकदम कोनाडा आठवला. आजोबा दिवसातून चाळीस वेळा कार्बोलिक साबणाने हात धुवायचे. त्या अख्ख्या घरात त्यांच्याइतके स्वच्छ हात दोतोर सोडले तर कुणाचे नव्हते. भिंत जर जंतूसाठी होती, तर आजोबांना आत जायला काय हरकत होती?

दुसरी गोष्ट सालांची. दोतोरांची आई १९५३ मध्ये गेली. ज्यांच्यासाठी अट होती त्या गेल्या. न्हाणीचं दार त्यानंतरही पंचवीस वर्षं तसंच चाललं, दोतोर असेपर्यंत. १९६१ च्या १९ डिसेंबरला पोर्तुगीज गेले, पायऱ्या चढायला कुणाला मनाई करता येत नाही असं संविधान आलं, परसातला बाक हळूहळू रिकामा झाला, त्यावर मिरच्या वाळत पडू लागल्या. कप तिथेच.

दोतोरांना मी वाईट म्हणणार नाही. १९५८ मध्ये आजीला विषमज्वर झाला तेव्हा ते एकवीस दिवस रोज आमच्या घरी आले. शेणाच्या जमिनीवर मांडी घालून बसायचे. आमच्याकडचं पाणी प्यायले, मागून प्यायले. आजी हे शेवटपर्यंत सांगायची. एका पैचं बिल नाही. वडिलांना दुकान टाकायला पहिले पैसे त्यांनीच दिले, व्याज न लावता, आणि परत घ्यायला आढेवेढे घेतले. आमच्या घरात ते कुठेही बसू शकत होते. मग त्यांच्या घरी जाऊन ते अंघोळ करायचे. मी या हिशेबाच्या दोन्ही बाजू मांडून बसतो, जमा आणि नावे, आणि तो जुळत नाही. माझे वडील म्हणायचे, “तू जुळयतां कित्याक?”

आजोबांनी काम सोडलं त्या दिवशी ते कप घरी घेऊन आले. आजीने काही विचारलं नाही. त्या दिवसापासून ती त्या कपाने तुळशीला पाणी घालायची.

तर यादी. इन्वेंतार म्हणजे काय ते गोव्याबाहेरच्यांना सांगावं लागतं. आमच्याकडे अजून १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा चालते. मुलगा-मुलगी वारसाहक्कात सारखे. माणूस गेला की मालमत्तेची कोर्टात यादी होते, ती देणारा वारस म्हणजे ‘काबेस द काझाल’. मग किंमत ठरते, आणि एखादी वस्तू वाटता येत नसेल तर वारसांनी आपापसांत बोली लावायची. २०१२ मध्ये आपल्या विधानसभेने यासाठी नवा कायदा केला, पण गाभा तोच. ‘लिलाव’ हा शब्दसुद्धा मराठीने पोर्तुगिजांकडूनच घेतलाय, तसाच ‘चावी’, तसाच ‘बिजागरी’. या घराचे वारस सतरा. दोघे लिस्बनला, एक कॅनडात, बाकीचे पुणे, मुंबई, पर्वरी. घर कापून सतरा तुकडे होत नाहीत. सगळ्यांत मोठी बोली लिस्बनवाल्याची असेल असं नात म्हणाली. तो इथे येऊन राहणार नाही हे तिला माहीत होतं, मलाही.

मी तीन पायऱ्यांखाली चपला काढल्या आणि दवाखान्यात शिरलो. वास तोच, आयोडीन आणि जुना कागद, थोडा वटवाघळांचा. नातीने वही धरली, मी सांगत गेलो. चिनी मातीच्या बरण्या, झाकणासकट, अकरा. झाकण नसलेल्या तीन. खल आणि बत्ता, दगडी, एक. चिनी मातीचे, दोन. तराजू, पितळी, वजनांची पेटी, त्यातलं सगळ्यांत लहान वजन हरवलेलं. ते हरवलं कसं हे मला ठाऊक आहे, मीच सात वर्षांचा असताना फटीत घालवलं. यादीत लिहिलं नाही. प्रसूतीचे चिमटे. काचेच्या सिरिंजा, पेटीत. चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे, पांढरा जवळजवळ संपलेला, लाल अर्धा शिल्लक. किंमत? तिने विचारलं. मी म्हटलं, तराजूला आणि बरण्यांना म्हापशाच्या बाजारातला जुन्या वस्तूंचा माणूस पैसे देईल. चिठ्ठ्यांना शून्य लिही. तिने शून्य लिहिलं नाही, जागा मोकळी सोडली.

सगळं झाल्यावर तिची नजर कोनाड्यावर गेली.

“इथे काय असायचं? दिवा?”

“कप.”

“कुणाचा?”

“आजोबांचा. माझ्या.”

तिने आत हात घालून पाहिला, जणू अजून असेल. तळाशी एक गोल डाग आहे, एनॅमलच्या काठाचा, सदतीस वर्षांचा. तिने बोट त्यावरून फिरवलं. हुशार मुलगी आहे, पुढे विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “कोनाडा जंगममध्ये येत नाही ना?” मी म्हटलं, नाही, भिंतीबरोबर जातो.

मग तिने न्हाणीचं दार ढकललं. “या ना, आतून चहा घेऊ. माझा भाऊ आणायला गेलाय.”

न्हाणी माझ्या कल्पनेहून खूप लहान निघाली. चार पावलं. भाण विकून झालं होतं, चुलीच्या जागी काळा डाग. भिंतीत खुंटी, लाकडी, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, गुळगुळीत झालेली. खाली पाणी वाहून जायची पन्हळ परसात उघडते. मी लहानपणी बाहेरच्या बाजूने ती बघायचो, साबणाचा फेस यायला लागला की समजायचं, दोतोर आत गेले. दुसऱ्या दाराला आतल्या बाजूने कडी आहे, दवाखान्याच्या बाजूने काहीच नाही. नात पुढे गेली. मी क्षणभर मागचं दार लावून घ्यावं की काय म्हणून हात मागे नेला. लावलं नाही. दोन्ही दारं उघडी राहिली आणि दवाखान्यातून राजांगणापर्यंत वारा सरळ वाहायला लागला.

राजांगण छान आहे. चौफेर पडवी, मध्ये वृंदावन, तुळस वाळलेली. देवाच्या खोलीत देव नाहीत, ते कुळाच्या देवळात नेऊन ठेवलेत. भिंतीवर तेलाचे ओघळ तेवढे. चवथीला गणपतीवर फळं-पानं टांगायची ती माटोळी बांधायच्या कड्या वर छताला अजून आहेत. मी कड्या मोजल्या, का कोण जाणे. सोळा. चवथीला आमच्या घरची माटोळी चार कड्यांची. स्वयंपाकघरात एक खिडकी निघाली, तिच्यातून थेट दवाखान्याचं छप्पर दिसतं. म्हणजे चार वाजले की आतून बघता येत असणार, गर्दी ओसरली का, कंपाउंडर मोकळा झाला का. चहा कधी थंड आला नाही असं आजोबा म्हणायचे, त्याचं कारण एवढ्या वर्षांनी समजलं.

आतेभाऊ पिशवीतून चहा घेऊन आला. घरातली भांडी यादी करून खोक्यांत बांधलेली, म्हणून कागदी कप. आम्ही तिघे पडवीच्या कडेला बसून प्यायलो. तो भाऊ कुठल्यातरी बिल्डरबद्दल बोलत होता. चहा झाल्यावर त्याने तिघांचे कप एकात एक घातले आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकले.

“काका, इकडून जा ना,” नात म्हणाली आणि तिने मधलं मोठं दार उघडलं. बिजागरी कुरकुरली. बाहेर वसरी, सोपे, खाली उन्हात रस्ता.

“चपला तिकडे आहेत,” मी म्हटलं, आणि आलो तसा न्हाणीतून परत दवाखान्यात गेलो.